‘सगळ्या शाखा रिस्टार्ट’ हे बटण कोणाच्या हाती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘सर्व शाखांचे नियंत्रण आता एका क्लिकवर’ असं वाक्य हल्ली आमच्या भागातल्या बहुतेक पतसंस्था, बँका आणि साखर कारखाने अभिमानाने सांगतात. माझं हे पत्र त्या एका क्लिकविषयी आहे. एका वेबपानावर बसून दहा-पंधरा गावांतल्या सर्व्हरवरचे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करता येतात ही फार उपयोगाची सोय आहे, आणि ती असायलाच हवी. पण हे पान आज एकतर दूरच्या शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीकडे असतं, नाहीतर इथल्या इथे कोणालाही उघडता येईल असं मोकळं पडलेलं असतं. दोन्हींचा भुर्दंड खातेदाराला बसतो. ते पान जवळच्या, शाखा ओळखणाऱ्या माणसाच्या हाती असावं, आणि प्रत्येक वेळी बटण कोणी दाबलं व का दाबलं याची नोंद असावी, एवढंच मला सांगायचं आहे.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत संगणक विभाग सांभाळते. नोकरीची सुरुवात काउंटरवर झाली. पासबुक भरून देताना समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायची सवय तिथे लागली आणि सर्व्हरचं काम करतानाही ती सुटलेली नाही.

आमच्या प्रत्येक शाखेत एक छोटा सर्व्हर आहे. त्यावर डेटाबेस, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नोंदींचा साठा, असतो, काउंटरचं सॉफ्टवेअर असतं, पिग्मी एजंटांच्या मोबाइलवरून आलेला भरणा उतरवून घेणारा एक प्रोग्रॅम असतो, एसएमएस पाठवणारा एक, आणि मुख्य कार्यालयाशी आकडे जुळवणारा एक. यांना आम्ही सर्व्हिस म्हणतो. त्या दिवसरात्र चालतात आणि त्यातली एखादी अधूनमधून अडकते. मग जळकोटहून फोन येतो, “मॅडम, पासबुक निघंना बघा. सकाळपस्नं नुसतं फिरायलंय.”

पूर्वी याला दोनच उपाय होते. एक, लातूरहून कोणीतरी एसटीने उदगीर आणि तिथून पुढे जळकोट गाठायचं. पावसाळ्यात त्यात दिवस मोडायचा. दुसरा उपाय शाखेतल्या शाखेत व्हायचा. शिपाईमामा सर्व्हरच्या मागची वायर काढायचे आणि दहा आकडे मोजून परत लावायचे. बहुतेक वेळा मशीन चालूही व्हायचं. पण डेटाबेस त्या क्षणी डिस्कवर काही लिहीत असेल तर अशा वेळी फाइल बिघडू शकते. शिवाय एक अडकलेला प्रोग्रॅम मोकळा करायला चार चांगल्या चालणाऱ्यांचाही गळा दाबला जातो. मामांना मी कधीच दोष दिला नाही. समोर रांग, त्यात म्हातारी माणसं, आणि हाताशी दुसरं काहीच नाही, तर माणूस वायरच काढणार.

म्हणून दुरून फक्त ती एक सर्व्हिस रिस्टार्ट करता येणं ही मोठी गोष्ट आहे. लिनक्सवर, म्हणजे सर्व्हर ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात तिच्यावर, हे कसं होतं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रिस्टार्ट म्हटलं की प्रोग्रॅमला आधी एक सौम्य निरोप जातो, की हातातलं काम आवर आणि बंद हो. आजच्या बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी सिस्टिमडी ही व्यवस्था, वेगळं काही सांगितलं नसेल तर, ९० सेकंद वाट पाहते. तेवढ्यात प्रोग्रॅम आटोपला नाही तर त्याला जागच्या जागी मारते. आमच्या भाषेत याला ‘किल मायनस नाइन’ म्हणतात. मारलेल्या प्रोग्रॅमला आवरायला, वही मिटायला, निरोप द्यायला क्षणाचीही सवड मिळत नाही. पानावर मात्र दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. बटण दाबलं, लाल झालं, हिरवं झालं.

आता घडलेलं सांगते. तेव्हा आमचं रिस्टार्टचं पान सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडे होतं. आम्ही तिकीट टाकायचं, म्हणजे त्यांच्याकडे तक्रार नोंदवायची, आणि त्यांच्याकडून कोणी बघेपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. ३१ मार्चची संध्याकाळ होती. अहमदपूर शाखेत ठेवींवरचं व्याज जमा करण्याचं काम सर्व्हरवर चालू होतं. त्याच वेळी जळकोटला पासबुकाची छपाई अडकली म्हणून तिकीट गेलं. तिकडे ड्युटीवर असलेल्या मुलाने पान उघडलं आणि सगळ्यात वर असलेलं ‘सगळ्या शाखा रिस्टार्ट’ हे बटण दाबलं. अहमदपुरात व्याज लावणं चालू आहे हे त्याला त्या पानावर कुठेच दिसत नव्हतं. अहमदपूर आणि जळकोट ही दोन वेगळी गावं, दोन वेगळे सर्व्हर, हेही त्याला दोन ओळींपलीकडे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

अहमदपूरच्या प्रोग्रॅमला बंद होण्याचा निरोप गेला. तो व्याज लावण्यात गुंतलेला होता, त्याने तो घेतलाच नाही. ९० सेकंदांनी तो मारला गेला. सगळी खाती मिळून एकच व्यवहार धरला असता तर डेटाबेसने अर्धवट काम आपोआप मागे घेतलं असतं. पण ते सॉफ्टवेअर एकेक खातं पक्कं करत पुढे जाणारं होतं. त्यामुळे काही खात्यांवर व्याज पडलं, काहींवर नाही, आणि पुन्हा चालवावं तर पहिल्यांवर दुसऱ्यांदा पडणार. शाखाधिकारी आणि दोन क्लार्क यांनी खतावणीचे प्रिंट काढले, टेबलावर पसरले आणि पेन्सिलीने एकेक खातं टिक करत पहाटेपर्यंत जुळवलं. फोनवर मी एक बाजू वाचत होते, ते दुसरी. कुठल्याही ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही. पण तो बुडाला नाही याचं श्रेय त्या तिघांना आहे, त्या पानाला नाही.

त्या मुलाने हयगय केली असं मी म्हणणार नाही. त्याच्यासमोर जे पान ठेवलं होतं त्यात सगळ्यात सोपी गोष्ट हीच सगळ्यात धोक्याची गोष्ट होती. दोष त्या मांडणीचा.

यानंतर आमच्या संचालक मंडळाने पान संस्थेकडे घेतलं. चेअरमन साहेबांना तांत्रिक बाजू फारशी समजली नसेल, पण “बटण आपल्या माणसाकडं पाहिजे” हे त्यांनी एका वाक्यात मान्य केलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे. आज ते पान असं आहे : डावीकडे शाखांची नावं, औसा, निलंगा, चाकूर, रेणापूर, अहमदपूर, उदगीर, जळकोट. समोर प्रत्येक सर्व्हिसचा रंग. रंगाशेजारी ती किती वेळ सलग चालू आहे तो आकडा. त्याखाली लॉगच्या, म्हणजे प्रोग्रॅम स्वतःच्या कामाची जी नोंद लिहीत जातो तिच्या, शेवटच्या काही ओळी. आणि रिस्टार्टच्या बटणाआधी एक रिकामी चौकट, जिच्यात कारण लिहिल्याशिवाय बटण उमटतच नाही. व्याज, डे-एंड (दिवसअखेरचा हिशेब) किंवा जुळवणी चालू असेल तर त्या शाखेची ओळ पिवळी होते आणि बटण गायब होतं.

यातला ‘किती वेळ सलग चालू’ हा आकडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. हिरवा रंग फसवतो. एखादा प्रोग्रॅम सुरू होतो, काही सेकंदांत पडतो, त्याला सांभाळणारी व्यवस्था तो लगेच पुन्हा उठवते, आणि आपण जेव्हा जेव्हा बघू तेव्हा तो हिरवाच दिसतो. आकडा मात्र दर वेळी दहा-वीस सेकंदांच्या पुढे जात नाही. शाखेतली मुलगी म्हणते चालत नाही, आणि मुख्य कार्यालय म्हणतं आम्हाला तर हिरवं दिसतंय. असे वाद मी ऐकलेत, आणि त्यात दर वेळी शाखेतली मुलगी बरोबर असते.

लाईट हा आमच्याकडचा दुसरा विषय. लाईट जाते, इन्व्हर्टर दम सोडतो, आणि लाईट आली की सर्व्हरवरचं सगळं एकदम उठू पाहतं. काउंटरचं सॉफ्टवेअर चटकन उठतं आणि डेटाबेसला हाक मारतं. डेटाबेस अजून स्वतःच्या नोंदी तपासत असतो, त्याला वेळ लागतो. आपोआप पुन्हा सुरू व्हायची सोय लावलेली असली तरी सिस्टिमडी साधारणपणे १० सेकंदांत ५ वेळा प्रयत्न करून नाद सोडून देते, आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर मुळात सेकंदाचा दहावा भाग असतं. म्हणजे पाचही प्रयत्न डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपतात. अर्ध्या मिनिटाने डेटाबेस तयार होतो, पण हाक मारणारा कधीच झोपलेला असतो. त्यावर उपाय साधा आहे, दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवायचं आणि डेटाबेस आधी, बाकीचे नंतर असा क्रम लिहून ठेवायचा. पण हे ज्याला करायचं त्याला रेणापूरला लाईट कशी जाते-येते हे माहीत असावं लागतं. दूरच्या वातानुकूलित इमारतीत बसून हे सुचत नाही.

सगळ्या शाखा एकदम रिस्टार्ट करायची वेळ खरोखरच येते, उदाहरणार्थ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकताना. तेव्हाही आम्ही एकेक करून जातो. पहिली शाखा नीट चालली, तिथल्या कॅशियरने एक पावती काढून “झालं मॅडम” म्हटलं, की दुसरी. मांजरा धरणाचे दरवाजे जसे टप्प्याटप्प्याने उचलतात तसं. सगळ्या शाखा एकाच क्षणी उठल्या तर त्या सगळ्या एकाच क्षणी मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरवर येऊन आदळतात, आणि मग चांगला असलेला तोही गुदमरतो.

हे फक्त आमच्यासारख्या लहान संस्थांचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या साठवणूक सेवेत, एसथ्रीत, एका कर्मचाऱ्याने मोजके सर्व्हर बाजूला काढण्यासाठी आज्ञा दिली. तिच्यातला एक भाग चुकीचा टाइप झाला आणि पाहिजे त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद पडले. दोन मुख्य यंत्रणा पूर्ण रिस्टार्ट कराव्या लागल्या. अ‍ॅमेझॉननेच नंतर जाहीरपणे लिहिलं की मोठ्या केंद्रांवर या यंत्रणा कित्येक वर्षांत पूर्ण रिस्टार्ट केलेल्याच नव्हत्या, त्यामुळे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास बंद होत्या. त्यांनी त्यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. आज्ञा देणाऱ्याला हाकलून हा विषय मिटत नाही हे ओळखून त्यांनी हत्यारच बदललं : सर्व्हर हळूहळूच निघतील आणि ठरलेल्या किमान संख्येच्या खाली जाऊ लागले तर आज्ञा अडेल, असं. मी सांगते त्या पिवळ्या ओळीचा अर्थ तोच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं ते देखील देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेमुळे. त्यांचं अंतर्गत नेटवर्कच तुटलं, दुरून दुरुस्ती करायची साधनंही त्याच नेटवर्कवर होती, आणि शेवटी माणसं डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावी लागली. आमच्याकडे शाखेशी जोडणारी व्हीपीएनची सर्व्हिस रिस्टार्टच्या पानावर ठेवलेलीच नाही, ती याच कारणाने. ती बंद पडली तर पुन्हा चालू करायला आपल्याला वाटच उरत नाही.

आता दुसऱ्या टोकाविषयी, म्हणजे मोकळ्या पडलेल्या पानांविषयी. सुपरवायझर नावाचं एक मोफत, चांगलं सॉफ्टवेअर यासाठी खूप वापरतात. त्याचं वेबपान ९००१ या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, उघडतं, आणि त्यावर वरच्या बाजूला ‘सगळं रिस्टार्ट’ आणि ‘सगळं बंद’ हे दुवे (लिंक) असतात. हे वेबपान मुळात बंदच असतं, ते मुद्दाम चालू करावं लागतं, आणि विश्वासाच्या नेटवर्कबाहेर उघडू नका असं करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. पण घाईत कोणीतरी ते चालू करतं, पासवर्ड लावायचं राहून जातं, आणि संस्था वर्षानुवर्षं तशीच चालते. २०१७ मध्ये याच सॉफ्टवेअरमध्ये असं भोक सापडलं होतं की त्या दारातून आत आलेला माणूस सर्व्हरवर मनाला येईल ती आज्ञा चालवू शकत होता. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली, पण ती टाकायची कोणी?

आणखी एक बारीक गोष्ट, जी नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. रिस्टार्टचं बटण साध्या दुव्यासारखं बनवू नये. दुवा हा फक्त बघण्यासाठी असतो असं वेबचं सगळं गणित धरून चालतं. २००५ मध्ये गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचं एक साधन काढलं होतं, ते पानावरचे दुवे वाचकाने दाबायच्या आधीच उघडून ठेवायचं. काही वेबसाइटवर ‘पुसून टाका’ हेही साधे दुवेच होते. ते उघडले गेले आणि लोकांची माहिती कोणीही हात न लावता पुसली गेली. आमच्या पानावर बटण दाबलं की लॉगिन पुन्हा तपासलं जातं, आणि ते पान ज्या खात्यावर चालतं त्या खात्याला त्या चार-पाच सर्व्हिस रिस्टार्ट करण्यापलीकडे सर्व्हरवर काडीही हलवता येत नाही.

कारणाची चौकट अनेकांना जाच वाटते. सुरुवातीला आमच्याकडेही लोक तिथे नुसतं ‘हँग’ लिहायचे. मी पाठपुरावा केला. हळूहळू ‘सोमवार, बाजार, दुपारी पासबुक थांबलं’ असं लिहायला लागले, आणि एका शाखेच्या नोंदी सलग वाचल्या तेव्हा दिसलं की रिस्टार्ट जवळजवळ सगळे आठवडी बाजाराच्या दुपारीच आहेत. पोस्टग्रेस डेटाबेस, बदल केला नसेल तर, एका वेळी १०० जोडण्या घेतो. छपाईचा प्रोग्रॅम प्रत्येक पासबुकाला एक नवी जोडणी उघडत होता आणि मिटत नव्हता. बाजाराच्या दिवशी गर्दी, दुपारपर्यंत शंभरी भरायची आणि सगळं ठप्प. रिस्टार्ट केलं की मोकळं, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. दुरून बटण दाबणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक तिकीट ‘सोडवलेलं’ होतं. कंपनीला आम्ही नोंदींसह लिहिलं, त्यांनी ती जोडणी मिटवणारी दुरुस्ती दिली, आणि तिथले सोमवारचे रिस्टार्ट थांबले.

नोंदींची घड्याळं मात्र एक असावी लागतात. निलंग्याचं घड्याळ चार मिनिटं मागे असेल तर आधी कोण पडलं आणि कोणामुळे कोण पडलं हे कधीच कळत नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व्हरची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. ते फक्त मोठ्या बँकांसाठी आहे असं समजून आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी बाजूला ठेवलं जातं.

“आपल्याकडं तेवढी हुशार पोरं कुठं आहेत?” हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला जातो, आणि त्याने मला खरंच राग येतो. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या कॉलेजांतून शिकून निघालेलीच मुलं पुण्याला हिंजवडीत बसून जगाचे सर्व्हर सांभाळतात. इथे त्यांना डेटा एंट्रीचा पगार देऊ केला जातो, म्हणून ती जातात. वार्षिक देखभालीच्या करारावर जो पैसा संस्था दर वर्षी बाहेर पाठवते त्यातल्या काही हिश्श्यात एक मुलगा किंवा मुलगी जिल्ह्यात राहू शकते, जिला उदगीरचा बाजार सोमवारी आहे की गुरुवारी हे विचारावं लागणार नाही.

सभासदांना माझी विनंती आहे. सभेत उभं राहून विचारा : आपल्या शाखांचे सर्व्हर रिस्टार्ट करण्याचं पान कोणाकडे आहे, ते इंटरनेटवरून कोणालाही उघडता येतं का, व्याज लावणं चालू असताना ते अडतं का, आणि गेल्या वर्षीच्या रिस्टार्टची नोंदवही दाखवता का? संगणक कळत नसला तरी हे विचारता येतं. नोंदवही नसेल तर ‘नाही’ हे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

आणि संचालकांना एवढंच, की सॉफ्टवेअर कंपनीशी पुढचा करार करताना त्यात एक कलम घाला : संस्थेच्या कोणत्याही सर्व्हरवरची कोणतीही सर्व्हिस संस्थेच्या नेमलेल्या माणसाला फोन करून, होकार घेऊन, नाव आणि कारण नोंदवूनच रिस्टार्ट केली जाईल. आमच्या करारात हे कलम आहे आणि कंपनीने त्यावर सही करायला एक दिवससुद्धा घेतला नाही.

आपली,
एक वाचक, लातूर
(नाव व संस्थेचं नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)